शनिवारची शर्यत आणि सोमवारची शाळा

शनिवारी भल्या पहाटे, बंगळूर शहर साखरझोपेत असताना, होसूर रस्त्याने दोन-चार मोटारी एकामागून एक जाताना दिसतात. दिसावयास त्या आपल्या शेजाऱ्याच्या मोटारीसारख्याच असतात. समोरच्या काचेवर वसाहतीत प्रवेश मिळण्याची चिठ्ठी चिकटविलेली असते. मागच्या आसनावर मुलाची विसरलेली पाण्याची बाटलीही असते. निराळेपण एवढेच, की सामानाच्या कप्प्यात आज हेल्मेट, हातमोजे आणि हत्यारांची पेटी आहे. कृष्णगिरी आणि वेल्लोर मागे टाकून, सुमारे ३०० किलोमीटरांचा प्रवास करीत या मोटारी चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे पोहोचतात. तेथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, १९९० साली सुरू झालेला, सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा शर्यतमार्ग आहे. काही मंडळी त्याऐवजी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेची वाट धरतात. हौशी चालकांसाठी राखून ठेवलेल्या दिवशी शुल्क भरून आपली रोजची मोटार अशा मार्गावर चालविता येते.

रविवारी रात्री या मोटारी घरी परततात. आणि सोमवारी सकाळी आठ वाजता यांतलीच एखादी मोटार जयनगर किंवा मल्लेश्वरम्‌मधील शाळेच्या दारापाशी येते. अशा वेळी एखादे मूल आईचा हात सोडून अचानक रस्त्यावर धावले, तर चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. त्या क्षणी मोटार किती अंतरात थांबेल, हे अनेक गोष्टींवर अवलंबून असते. परंतु त्यांतील एक गोष्ट अशी आहे, की ती चालकाने आठ दिवसांपूर्वी दुकानात उभे राहून स्वतःच ठरविलेली असते. ती म्हणजे ब्रेक पॅड.

आपल्या घरातील मुलगा, पुतण्या किंवा जावई मोटारीचा शौकीन असेल, तर ‘शर्यतीचे पॅड बसवून घेतो, म्हणजे ब्रेक अधिक चांगले लागतील’ हे वाक्य आपण ऐकले असेल. ते वरवर पटण्यासारखे आहे. जे पॅड ताशी १८० किलोमीटर वेगाची मोटार थांबवितात, ते शाळेच्या दारात ताशी ४० किलोमीटरची मोटार थांबविणार नाहीत काय? या प्रश्नाचे उत्तर अनेकांना चकित करणारे आहे, म्हणून ते नीट समजावून घेतले पाहिजे.

ब्रेक म्हणजे चूल

मोटारीच्या पुढच्या चाकांच्या आत लोखंडाची एक तबकडी चाकाबरोबर फिरत असते. तिच्या दोन्ही बाजूंना चिमट्यासारखा एक भाग असतो. त्याला कॅलिपर म्हणतात. या चिमट्यात तळहाताएवढे दोन पॅड बसविलेले असतात. चालकाने पायाने दाब दिला, की नळीतील तेलामार्फत तो दाब चिमट्यापर्यंत पोहोचतो आणि पॅड तबकडीला दोन्ही अंगांनी धरतात. घर्षणाने चाकाचा वेग कमी होतो. पण गेलेला वेग नाहीसा होत नाही. त्याची उष्णता होते. तेव्हा ब्रेक ही एका अर्थाने चूलच आहे, आणि त्या चुलीचे इंधन म्हणजे मोटारीचा वेग.

या चुलीवर किती आधण येईल, याचा हिशेब सोपा आहे. १,२०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबविली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यावर सुमारे अर्धा लिटर पाणी उकळेल. म्हणजे चार माणसांच्या चहाचे आधण. वेग तिप्पट झाला, म्हणजे ताशी १८० किलोमीटर झाला, तर उष्णता तिप्पट होत नाही, नऊपट होते. आता साडेचार लिटर पाणी उकळेल. शर्यतमार्गावर लांब सरळ पट्टा संपून वळण आले, की चालक क्षणार्धात जोराने ब्रेक लावतो आणि यातील बरीचशी उष्णता त्या चार-पाच सेकंदांत पॅड व तबकडी यांच्यात उतरते. ती निवते न निवते तोच पुढचे वळण येते. असे दहा-पंधरा मिनिटे अखंड चालते.

याउलट बंगळूरच्या रस्त्यांवरचा दिवस पाहा. सिल्क बोर्डच्या चौकात किंवा बाहेरच्या वळणरस्त्यावर मोटारी मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. ब्रेक शंभर वेळा लागतो, पण प्रत्येक वेळी वेग इतका अल्प असतो, की चूल जेमतेम कोमट होते. डिसेंबरच्या थंडीत रात्रभर उभी असलेली मोटार सकाळी बाहेर काढली, तर पहिला ब्रेक अगदी गार असतो. शाळा घरापासून दोन किलोमीटरांवर असली, तर तेथे पोहोचेपर्यंत तो फारसा तापलेलाही नसतो.

म्हणजे एकाच मोटारीकडून दोन अगदी भिन्न कामांची अपेक्षा आपण करीत असतो. एक काम धगधगत्या चुलीवरचे आणि दुसरे जवळजवळ विझलेल्या चुलीवरचे.

पॅडचे दोन स्वभाव

पॅड हा एकजिनसी पदार्थ नाही. निरनिराळे तंतू, धातूंची चूर्णे, ग्राफाइटसारखे वंगण आणि घर्षण वाढविणारी द्रव्ये रेझिनमध्ये कालवून, दाब व उष्णता देऊन तो पोलादी पत्र्यावर घट्ट बसविलेला असतो. कोणते द्रव्य किती घालावे यावर त्याचा स्वभाव ठरतो.

रोजच्या वापराचे पॅड सेंद्रिय किंवा सिरॅमिक मिश्रणाचे असतात. ते गार असतानाच चांगली पकड देतात, आवाज कमी करतात आणि तबकडीला फारसे झिजवीत नाहीत. मात्र उष्णता त्यांच्या मर्यादेपलीकडे गेली, साधारणतः ३००-३५० अंश सेल्सिअसच्या पुढे, की त्यांतील अनेकांची पकड ओसरू लागते. रेझिन तापून त्यातून वायू सुटतो आणि तो पॅड व तबकडी यांच्यामध्ये अडतो. चालक जीव खाऊन पाय दाबतो, पण मोटार पूर्वीसारखी थांबत नाही. नंतर पॅड निवला, तरी त्याचा पृष्ठभाग कधी कधी काचेसारखा गुळगुळीत होऊन बसतो. घरचे पॅड घेऊन शर्यतमार्गावर उतरणाऱ्याची फजिती होते ती अशी.

शर्यतीच्या पॅडमध्ये धातूचे प्रमाण पुष्कळ असते. ६००-७०० अंशांपर्यंत तापूनही ते पकड सोडीत नाहीत. पण त्यांतील अनेकांना पूर्ण पकड येण्यासाठी आधी चांगलेच तापावे लागते. गार असताना ते रोजच्या पॅडपेक्षा कमी धरतात, कर्कश ओरडतात, आणि तबकडी कानशीने घासावी तशी खातात. या स्वभावाचे टोक पाहावयाचे असेल, तर फॉर्म्युला वन शर्यतीकडे पाहावे. २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नोइडा येथील बुद्ध सर्किटवर त्या मोटारी भारतात धावल्या. त्यांच्या कार्बनच्या तबकड्या जोराच्या ब्रेकने हजार अंशांच्या आसपास तापून लालबुंद होतात. पण त्याच तबकड्या गार असताना त्यांची पकड अगदीच दुबळी असते. म्हणून शर्यत सुरू होण्यापूर्वीच्या फेरीत चालक त्या मुद्दाम तापवून घेतात.

आता शाळेच्या दाराशी परत येऊ. ताशी ४० किलोमीटरने चाललेली मोटार चांगल्या ब्रेकने, कोरड्या रस्त्यावर, साधारणतः नऊ मीटरांत थांबते. चालकाला धोका उमजेपर्यंत जाणारे अंतर याहून वेगळे. समजा, गार पॅडची पकड एक-तृतीयांशाने कमी पडली आणि चालकाचा पाय सवयीने नेहमीइतकाच दाबला गेला. तर हेच अंतर साडेतेरा मीटर होईल. हा साडेचार मीटरांचा फरक म्हणजे एका मोटारीची लांबी. पाय अधिक जोराने दाबून ही तूट पुष्कळशी भरून काढता येते हे खरे. परंतु ते ध्यानात यावयास जो अर्धा सेकंद लागतो, तोच तेथे नसतो.

‘आमच्या मोटारीला एबीएस आहे’ असे कोणी म्हणेल. भारतात २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ही व्यवस्था बंधनकारक आहे, आणि ती उपयुक्तही आहे. पण तिचे काम चाक जाम होऊ न देणे हे आहे. पॅडमध्ये नसलेली पकड ती कोठून आणणार?

तेव्हा महाग पॅड चांगला आणि स्वस्त पॅड वाईट, एवढ्यावर निवड करता येत नाही. ज्या उष्णतेत पॅडला काम करावयाचे आहे, त्या उष्णतेत जो धरतो तो चांगला.

शर्यतीचे ऋण

हे वाचून शर्यतीविषयी कोणाचे मन कलुषित होऊ नये. घरच्या मोटारीवर शर्यतीचे आणि डोंगरउताराचे मोठे ऋण आहे. १८९७ साली इंग्लंडमधील डर्बीशर या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने घोडागाड्यांच्या ब्रेकवर प्रयोग सुरू केले. उतारावर लाकडी ठोकळ्यांची पकड अपुरी पडते हे त्याने पाहिले होते. आजच्या पॅडचे मूळ त्या खटपटीत आहे. तबकडीच्या ब्रेकची कल्पना फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये नोंदविली होती. पण तिचा गाजावाजा झाला १९५३ साली, जेव्हा अशा ब्रेकांची जॅग्वार मोटार फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. इतर मोटारींचे ब्रेक तापून थकत असताना जॅग्वारचे चालक वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक लावू शकत होते. आज आपल्या साध्या मोटारीच्या पुढच्या चाकांतही तीच तबकडी आहे.

शिवाय, वेगाची हौस ज्याला आहे त्याने ती बंदिस्त मार्गावर, हेल्मेट घालून, रुग्णवाहिका जवळ उभी असताना भागवावी, हेच सर्वांच्या हिताचे. परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या १८९ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. त्याचबरोबर घरच्या कर्त्यांनी आपल्या विमापत्राचे कलमही वाचून ठेवावे. सामान्य मोटार विम्यात शर्यत व वेगचाचणी यांत झालेली हानी बहुधा वगळलेली असते.

कुटुंबाचा शर्यतमार्ग: घाट

‘आम्ही कधी शर्यतमार्गावर जाणार नाही, मग आम्हांला याचे काय?’ असे म्हणणाऱ्या वाचकाने पुढील हिशेब पाहावा. नंदी हिल्सचा माथा समुद्रसपाटीपासून १,४७८ मीटर उंच आहे. सूर्योदय पाहावयास बंगळूरची कुटुंबे तेथे जातात आणि वळणावळणांच्या रस्त्याने खाली उतरतात. या उतरणीत मोटार ५०० मीटर खाली आली असे धरू. १,२०० किलोंच्या मोटारीची ही सारी ऊर्जा केवळ ब्रेकने शोषावयाची ठरविली, तर सुमारे साडेसतरा लिटर पाणी, म्हणजे एक मोठी बादली, उकळेल इतकी उष्णता होते. ताशी १८० किलोमीटरवरून चार वेळा थांबण्याएवढी ही उष्णता आहे. मोटारीत पाच माणसे आणि सामान असले, म्हणजे ती आणखी वाढते. मंगळूरच्या वाटेवरचा शिराडी घाट, आपला बोरघाट, आंबोली, कसारा येथेही हाच प्रकार.

येथे उपाय पॅड बदलण्याचा नसून पाय आवरण्याचा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. इंजिनच मोटारीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नये. थोडा वेळ नीट दाबून वेग कमी करावा, मग सोडून द्यावा, म्हणजे तबकडीला वारा लागतो. इंजिन बंद करून उतार उतरण्याची काटकसर तर जिवावर बेतणारी आहे. जळका वास आला किंवा पाय नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला, तर सुरक्षित जागी थांबावे, चाकावर पाणी मात्र ओतू नये. तापलेली तबकडी त्याने वाकडी होते किंवा तडकते.

विसरलेले तेल

पॅडची चर्चा सर्वजण करतात, ब्रेकच्या तेलाची कोणीच करीत नाही. वस्तुतः शर्यतमार्गावर किंवा घाटात पाय एकाएकी तळापर्यंत जातो, तो पुष्कळदा या तेलामुळे. नेहमीचे ब्रेक तेल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. डॉट ४ या प्रतीचे कोरे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच ओलावा मुरल्यावर १५५ अंशांच्या पुढे उकळू शकते. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. हे तेल साधारणतः दर दोन वर्षांनी, अथवा उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावे. शर्यतमार्गावर जाणाऱ्याने जाण्यापूर्वी बदलावे. पॅडवर हजारो रुपये खर्च करून तेल जुनेच ठेवणे म्हणजे नवा कोट घालून फाटक्या वहाणांनी लग्नाला जाण्यासारखे आहे.

निवड कशी करावी

जो केवळ शहरात आणि अधूनमधून घाटात मोटार चालवितो, त्याने उत्पादकाने दिलेल्या प्रतीचेच पॅड अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊन घ्यावेत. यापेक्षा अधिक काही शोधण्याची त्याला गरज नाही. नकली पॅडचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

जो वर्षातून एकदा-दोनदा हौसेने शर्यतमार्गावर जातो, त्याने दोन्हींच्या मधले, रस्त्यावर चालणारे पण अधिक उष्णता सोसणारे पॅड निवडावेत. ‘हे गार असताना कसे धरतात?’ हा प्रश्न विक्रेत्याला प्रथम विचारावा. ‘किती अंश सोसतात?’ हा नंतर. मार्गावर तीन-चार वेगवान फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश मारून ब्रेक निववावेत. परत आल्यावर हातब्रेक ओढून ठेवू नये, कारण तापलेले पॅड एका जागी चिकटून राहतात. मोटार सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडसर लावावा.

जो वारंवार जातो, त्याच्यासाठी मधला मार्ग नाही. त्याने पॅडचे दोन संच बाळगावेत. शर्यतीचा संच तेथे पोहोचल्यावर बसवावा आणि घरी निघण्यापूर्वी काढावा. पॅड बदलण्याचे काम जाणत्या माणसाला फार वेळाचे नाही. थकलेल्या अंगाने रविवारी संध्याकाळी ते करण्याचा कंटाळा येतो, एवढेच. पण सोमवारची सकाळ त्या कंटाळ्यावर अवलंबून असते.

अनेक पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर बेताच्या उष्णतेतील घर्षण सांगते आणि दुसरे अधिक तापल्यावरचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. घरच्या मोटारीसाठी पहिले अक्षर दुर्लक्षू नये. ही अक्षरे सर्व काही सांगत नाहीत. पण आकर्षक वेष्टनापेक्षा अधिक सांगतात.

पॅड नेहमी जोडीने, म्हणजे एका आसावरील दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत. नाहीतर ब्रेक लावताच मोटार एका बाजूला ओढली जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांचा समतोल उत्पादकाने विचारपूर्वक राखलेला असतो, म्हणून केवळ मागच्या चाकांना जहाल पॅड बसवू नयेत. नवे पॅड लगेच पूर्ण पकड देत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा बेताने वेग कमी करावा आणि मग थोडे अंतर ब्रेक न लावता जावे. म्हणजे पॅडचा पातळ थर तबकडीवर सारखा बसतो. नेमकी रीत उत्पादकाच्या पत्रकात दिलेली असते. पॅडची जाडी सुमारे तीन मिलिमीटर उरली, की तो बदलावा. आणि चाकातील काळी भुकटी फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू देऊ नये. जुन्या पॅडमध्ये फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असे. नव्यांची भुकटीही श्वासात जावी अशी वस्तू नव्हे. ओल्या फडक्याने पुसावी.

घरातील तरुणाला त्याच्या छंदापासून परावृत्त करा, असे सांगण्याचा या लेखाचा हेतू नाही. तो इरुंगाट्टुकोट्टैहून परत येईल, तेव्हा त्याच्या फेरीला किती सेकंद लागले हे कौतुकाने विचारा. त्याची हकीकत पुरी होऊ द्या. मग जेवणाचे पान वाढता वाढता आणखी एक गोष्ट विचारा: ‘पॅड बदललेस का रे?’ त्याने ‘सकाळी बदलतो’ असे सांगितले, तर सकाळी मुलांना शाळेत पायी किंवा रिक्षाने पाठवा.